क्लाउडमधील व्यवस्थापित कुबरनेटीस क्लस्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली आणि सातारा जिल्ह्यांत साखर कारखाने, दूध संघ, अडत दुकाने आणि मिरजेतील रुग्णालये यांच्यासाठी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या छोट्या कंपन्यांकडून, तसेच सांगली व कराड येथील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकडून जे प्रश्न सतत येत राहतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. उत्तरांत प्रामुख्याने ॲमेझॉनची ईकेएस, गूगलची जीकेई आणि मायक्रोसॉफ्टची एकेएस या तीन सेवा गृहीत धरल्या आहेत. दर डॉलरमध्ये दिले असून ते बदलत असल्याने खरेदीपूर्वी त्या त्या कंपनीच्या संकेतस्थळावरील दरगणकावर पडताळून घ्यावेत.

१. कंटेनर ऑर्केस्ट्रेशन म्हणजे काय, आणि व्यवस्थापित क्लस्टरमध्ये क्लाउड कंपनी नेमके काय सांभाळते?

एखादे सॉफ्टवेअर त्याला लागणाऱ्या सर्व लायब्ररींसह बंदिस्त करून चालवले की तो कंटेनर झाला. असे अनेक कंटेनर कोणत्या यंत्रावर चालवायचे, एखादे यंत्र बंद पडले तर तेथील काम दुसरीकडे कसे न्यायचे आणि भार वाढला की प्रती कशा वाढवायच्या, यावर सतत लक्ष ठेवणारी व्यवस्था म्हणजे ऑर्केस्ट्रेशन. कुबरनेटीस ही त्यातील सर्वाधिक वापरली जाणारी प्रणाली असून गूगलने ती २०१४ मध्ये खुली केली. कारखान्याचे शेती खाते कोणती टोळी कोणत्या फडावर धाडायची ते ठरवते आणि एखादी टोळी मध्येच निघून गेली तर दुसरी लावते; कुबरनेटीसचा कंट्रोल प्लेन, म्हणजे नियंत्रण करणारा भाग, पॉड (एकत्र चालणारे एक किंवा अधिक कंटेनर) आणि नोड (ते चालवणारी यंत्रे) यांच्या बाबतीत साधारण तेच करतो. या सर्वांचा मिळून क्लस्टर होतो.

व्यवस्थापित सेवेत हा कंट्रोल प्लेन, म्हणजे एपीआय सर्व्हर, शेड्यूलर, कंट्रोलर आणि क्लस्टरची सर्व स्थिती साठवणारा एटसीडी, क्लाउड कंपनी चालवते. नोडचा आकार, नेटवर्कची आखणी, प्रवेशाचे अधिकार, पॉडला किती मेमरी द्यायची, आवृत्ती कधी बदलायची आणि डेटाचा बॅकअप या गोष्टी मात्र तुमच्याकडेच राहतात. जीकेईच्या ऑटोपायलटमध्ये किंवा ईकेएसच्या ऑटो मोडमध्ये नोडचीही बरीच काळजी कंपनी घेते, तरीही बाकीची यादी तशीच राहते. खालील बहुतेक अडचणींचे मूळ ही विभागणी लक्षात न घेण्यात आहे.

२. आमचे एकच ॲप्लिकेशन आहे आणि दोनशेच्या आसपास लोक ते वापरतात. आम्हाला क्लस्टर हवा का?

नको. एक मध्यम आकाराचा व्हर्च्युअल सर्व्हर, त्यावर कंटेनर चालवणारे डॉकर कंपोज हे साधन आणि बाहेर एक व्यवस्थापित डेटाबेस एवढ्यावर हे काम निर्धास्त चालते. वेगवेगळ्या वेगाने वाढणाऱ्या अनेक सेवा असतील, दिवसातून अनेकदा नवी आवृत्ती सोडावी लागत असेल किंवा हंगामात भार कित्येक पट वाढत असेल, तेव्हा क्लस्टरचा विचार करावा. केवळ शिकण्यासाठी हवा असेल तर आपल्या लॅपटॉपवर मिनीक्यूब किंवा काइंड हे छोटा क्लस्टर चालवणारे साधन बसवावे. त्याला एक पैसाही लागत नाही.

३. तिन्हीपैकी कोणती सेवा निवडावी, आणि सर्व्हर मुंबईत असावेत की पुण्यात?

तुमचा डेटाबेस, फायली आणि बिलाचे खाते ज्या कंपनीकडे आधीपासून आहे, तिचीच सेवा घ्यावी. तिन्ही सेवांमधील फरकापेक्षा दोन क्लाउडमध्ये डेटाची ये-जा करण्याचा खर्च आणि त्रास कितीतरी मोठा असतो.

ॲमेझॉन आणि गूगल यांचे मुंबईत प्रत्येकी तीन झोन, म्हणजे एकाच विभागातील पण एकमेकांपासून स्वतंत्र डेटा सेंटर, आहेत. मायक्रोसॉफ्टचा सेंट्रल इंडिया हा विभाग पुण्यात असून तेथेही स्वतंत्र झोन मिळतात. त्यांच्या मुंबईच्या वेस्ट इंडिया विभागात ते मिळत नाहीत, म्हणून केवळ नाव पाहून तो निवडू नये. सांगलीत किंवा साताऱ्यात बसून वापरणाऱ्याला मुंबई आणि पुणे यांच्या अंतराचा फरक जाणवत नाही. कंपनीच्या तळमजल्यावर सर्व्हर ठेवण्याचा पर्याय आम्ही येथे मांडत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षांत कृष्णेचे पाणी सांगली शहरात शिरले होते, एवढे कारण त्याला पुरेसे आहे. क्लाउडमध्येही सर्व नोड एकाच झोनमध्ये ठेवले तर धोक्याचे स्वरूप बदलते, पण तो संपत नाही.

४. महिन्याला खर्च किती येईल? जाहिरातीतील दर आणि बिल यांचा मेळ का बसत नाही?

ईकेएसमध्ये प्रत्येक क्लस्टरमागे ताशी ०.१० डॉलर आकारले जातात. महिन्याचे ७३० तास धरले तर हे ७३ डॉलर होतात आणि त्यात एकही नोड येत नाही. जीकेईचे व्यवस्थापन शुल्कही तेवढेच आहे, परंतु प्रत्येक बिलिंग खात्याला दरमहा ७४.४० डॉलरची सवलत मिळत असल्याने एका झोनपुरत्या किंवा ऑटोपायलट प्रकारच्या एका क्लस्टरचे शुल्क त्यातून भागते. एकेएसच्या मोफत श्रेणीत शुल्क नाही, पण सेवा अखंड चालू राहण्याची आर्थिक हमीही नाही. ती हवी असल्यास तेथेही ताशी ०.१० डॉलर द्यावे लागतात.

बिल फुगते ते इतर कारणांनी. नोड खासगी सबनेटमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या बाहेरून थेट न दिसणाऱ्या भागात, असतील तर इमेज (कंटेनरचे तयार पॅकेज) आणण्यासाठीसुद्धा त्यांना नॅट गेटवे (बाहेर जाण्याचा सामाईक मार्ग) लागतो आणि त्याचे ताशी शुल्क व प्रत्येक जीबीमागचे शुल्क असे दोन्ही लागू होते. ॲमेझॉनकडे फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला ताशी ०.००५ डॉलर पडतात. दोन झोनमधील पॉड एकमेकांशी बोलले तर ॲमेझॉनकडे त्या वाहतुकीचेही पैसे लागतात. प्रत्येक सेवेला वेगळा लोड बॅलन्सर (येणारी वाहतूक वाटून देणारी क्लाउडची सोय) दिला तर काय होते ते प्रश्न १० मध्ये पाहावे, आणि जुनी आवृत्ती तशीच ठेवल्यास लागणाऱ्या जादा शुल्कासाठी प्रश्न १२ पाहावा.

भारतीय बिलावर १८ टक्के जीएसटी असतो. खाते उघडतानाच कंपनीचा जीएसटी क्रमांक नोंदवला नाही तर त्याची वजावट मिळवताना हिशेबनिसाला विनाकारण पत्रव्यवहार करावा लागतो. आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून आपोआप होणारी १५,००० रुपयांवरील वसुली ओटीपीशिवाय होत नाही. बिल या मर्यादेच्या वर गेले की पैसे आपोआप जातील असे गृहीत धरू नये. दर महिन्याला कोणीतरी ते हाताने भरण्याची जबाबदारी घ्यावी.

५. क्लस्टर तयार करण्यापूर्वी कोणत्या गोष्टी पक्क्या कराव्यात, ज्या नंतर बदलता येत नाहीत?

विभाग, मूळ खासगी नेटवर्क, सेवांच्या आयपी पत्त्यांची श्रेणी आणि क्लस्टरचे नाव या गोष्टी नंतर बदलत नाहीत. जीकेईमध्ये क्लस्टर एका झोनपुरता आहे की विभागभर पसरलेला, हेही सुरुवातीलाच ठरते. एका झोनच्या क्लस्टरमध्ये कंट्रोल प्लेनची एकच प्रत असते. तिची आवृत्ती बदलत असताना पॉड चालू राहतात, मात्र त्या वेळात नवा बदल लागू करता येत नाही. ग्राहकांचे काम चालणार असेल तर विभागभर पसरलेलाच क्लस्टर घ्यावा.

पत्त्यांच्या श्रेणीबाबत विशेष दक्षता घ्यावी. पुढे केव्हातरी कारखान्यातील वजनकाट्याचे संगणक व्हीपीएनने क्लस्टरला जोडावे लागतात आणि तेथील अंतर्गत नेटवर्कनेही तीच श्रेणी वापरलेली असली तर जोडणी होत नाही. म्हणून ग्राहकांकडील नेटवर्क कोणत्या श्रेणीत आहेत त्याची यादी आधी करावी. ईकेएसमध्ये पॉडना मूळ नेटवर्कमधीलच पत्ते मिळतात आणि क्लस्टरला किमान दोन झोनमधील सबनेट द्यावे लागतात. २५६ पत्त्यांच्या सबनेटमधील ५ पत्ते ॲमेझॉन स्वतःकडे ठेवते, उरलेले २५१ नोड, पॉड आणि लोड बॅलन्सर यांच्यात वाटले जातात आणि अपेक्षेपेक्षा फार लवकर संपतात. या खासगी पत्त्यांना पैसे पडत नाहीत, त्यामुळे सबनेट ४,०९६ पत्त्यांचे घेण्यात काटकसर करू नये.

६. नोड किती आणि केवढे घ्यावेत?

किमान दोन, वेगवेगळ्या झोनमध्ये, आणि एक पूर्ण बंद पडला तरी उरलेल्यांवर सर्व काम मावेल एवढे. फार लहान नोड घेणे महागात पडते, कारण प्रत्येक नोडवर नेटवर्क, लॉग आणि देखरेख यांचे ठरलेले पॉड चालतात आणि काही मेमरी यंत्रणेसाठी राखीव राहते. जीकेई तर पहिल्या ४ जीबीपैकी २५ टक्के मेमरी राखून ठेवते.

ईकेएसमध्ये आणखी एक मर्यादा आहे. नोडवर किती पॉड बसतील हे त्या यंत्राच्या नेटवर्क कार्डांवर अवलंबून असते आणि टी३ मीडियम या लोकप्रिय यंत्रावर ती संख्या केवळ १७ आहे. प्रोसेसर आणि मेमरी रिकामी दिसत असूनही अठरावा पॉड बसत नाही, तो यामुळे. पत्त्यांचे गट नोडला देण्याची सोय, म्हणजे प्रीफिक्स डेलिगेशन, चालू केल्यास ही संख्या वाढते.

७. कुबरनेटीसने डॉकर बंद केला असे ऐकले. आमच्या डॉकरच्या इमेज चालतील का?

चालतील. २०२२ मध्ये आलेल्या १.२४ या आवृत्तीपासून नोडवर कंटेनर चालवण्यासाठी डॉकर वापरणारा दुवा काढण्यात आला आणि तेथे आता बहुधा कंटेनरडी असतो. इमेजचे स्वरूप सामाईक मानकानुसार असल्याने ती कोठे तयार केली याला महत्त्व नाही. नोडवरील डॉकर सॉकेट थेट वापरणारी जुनी बिल्ड यंत्रणा असेल तरच ती बदलावी लागेल.

८. डेटाबेस क्लस्टरमध्येच ठेवला तर पैसे वाचतील का?

थोडे वाचतील, पण बॅकअप, प्रतींचा समन्वय आणि आवृत्तीबदल हे सर्व तुमच्या अंगावर येईल. ऊसबिलाचा किंवा रुग्णाच्या नोंदींचा डेटा असेल तर बाहेरचा व्यवस्थापित डेटाबेस घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्यांना तरीही डिस्क लागते त्यांनी हे ध्यानात ठेवावे की क्लाउडमधील साधी डिस्क एकाच झोनची असते. त्या झोनमधील नोड गेला आणि पॉडला दुसऱ्या झोनमध्ये जागा मिळाली, तरी डिस्क तेथे जोडता येत नाही आणि पॉड अडकून राहतो. डिस्क वापरणाऱ्या पॉडसाठी प्रत्येक झोनमध्ये नोडची तजवीज हवी. डिस्क कशी तयार करायची ते ठरवणारा स्टोरेज क्लास पॉडला जागा मिळेपर्यंत थांबणारा असावा, नाहीतर आधी एका झोनमध्ये डिस्क तयार होते आणि पॉडला जागा दुसरीकडेच मिळते.

९. पॉड 'पेंडिंग' दाखवतो किंवा सुरू होऊन पुन्हा पुन्हा बंद पडतो. शोध कोठून सुरू करावा?

पेंडिंग म्हणजे पॉडला अजून जागा मिळालेली नाही. क्लस्टरला आदेश देणाऱ्या क्यूबसीटीएल या साधनाच्या डिस्क्राइब आदेशाने शेवटी दिसणाऱ्या घटना वाचाव्यात. कारण तेथे जवळजवळ नेहमीच स्पष्ट लिहिलेले असते. एकतर मागितलेली मेमरी किंवा प्रोसेसर कोणत्याच नोडवर शिल्लक नसतो, किंवा पॉडची मर्यादा गाठलेली असते (प्रश्न ६), किंवा डिस्क वेगळ्या झोनमध्ये असते (प्रश्न ८). शेड्यूलर प्रत्यक्ष वापर पाहत नाही, तर पॉडने नोंदवलेली मागणी पाहतो. प्रत्येकाने खबरदारी म्हणून मोठी मागणी लिहून ठेवली की नोड निवांत असूनही क्लस्टर भरलेला ठरतो.

सुरू होऊन बंद पडणाऱ्या पॉडच्या बाबतीत आधीच्या कंटेनरचे लॉग पाहावेत, कारण चालू कंटेनरचे लॉग नुकतेच सुरू झालेले असतात आणि त्यांत काही सापडत नाही. बाहेर पडण्याचा संकेतांक १३७ असेल आणि कारणापुढे 'ओओएमकिल्ड' लिहिलेले असेल तर मेमरीची कमाल मर्यादा ओलांडली गेली आहे. पुन्हा सुरू करण्यातील अंतर वाढत वाढत पाच मिनिटांपर्यंत जाते, त्यामुळे दुरुस्ती केल्यावरही पॉड लगेच उठला नाही तर घाबरू नये. तो पॉड काढून टाकल्यास डिप्लॉयमेंट (पॉडच्या प्रती कायम राखणारी व्यवस्था) ताबडतोब नवा तयार करते.

१०. आमचे अनेक कारखाने आणि दूध संघ ग्राहक आहेत. प्रत्येकासाठी वेगळा क्लस्टर करावा का?

सहसा नाही. एका क्लस्टरमध्ये प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र नेमस्पेस (क्लस्टरमधील वेगळा कप्पा), त्यावर रिसोर्स कोटा (मेमरी व प्रोसेसरची मर्यादा) आणि नेटवर्क पॉलिसी (कोणी कोणाशी बोलायचे याचे नियम) दिली की बहुतेक गरज भागते. कोटा नसेल तर एका कारखान्याचे पंधरवड्याचे बिल तयार होत असताना दुसऱ्याच्या दूध संकलनाच्या नोंदी रखडतात. नेटवर्क पॉलिसी नसेल तर कोणताही पॉड कोणत्याही नेमस्पेसमधील पॉडशी बोलू शकतो, कारण कुबरनेटीसची मूळ रचनाच तशी आहे. यातील खरा सापळा असा की क्लस्टरचे नेटवर्क प्लगइन पॉलिसी अमलात आणणारे नसेल, किंवा ईकेएसप्रमाणे ती सोय वेगळी चालू करावी लागत असेल, तर पॉलिसी स्वीकारली जाते, यादीत दिसते आणि काहीही रोखत नाही. एका नेमस्पेसमधून दुसऱ्यात जोडणी करून पाहिल्याशिवाय ती लागू झाली असे मानू नये.

बाहेरून येणाऱ्या मार्गासाठी प्रत्येक ग्राहकाची सेवा लोड बॅलन्सर प्रकारची ठेवली तर तेवढे लोड बॅलन्सर तयार होतात आणि प्रत्येकाचे शुल्क लागते. त्याऐवजी एकाच लोड बॅलन्सरमागे इन्ग्रेस किंवा गेटवे एपीआय ठेवून डोमेननुसार वाट द्यावी. जुन्या मार्गदर्शिकांत सर्रास सुचवला जाणारा इन्ग्रेस-एनजिनएक्स हा कंट्रोलर नव्या क्लस्टरवर बसवू नये. त्याची देखभाल मार्च २०२६ पर्यंतच राहील असे त्या प्रकल्पाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले.

ग्राहकाने करारातच पूर्ण विलगीकरण मागितले असेल, किंवा त्याचा कोड तुमच्या नियंत्रणात नसेल, तर वेगळा क्लस्टर देऊन त्याचा खर्च त्याच करारात लावावा.

११. सकाळी सहाला लावलेला अहवाल साडेअकराला येतो. असे का?

कारण व्यवस्थापित कंट्रोल प्लेनचे घड्याळ यूटीसीवर चालते आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. ठरलेल्या वेळी काम चालवणाऱ्या क्रॉनजॉबमध्ये टाइमझोन या रकान्यात एशिया/कोलकाता लिहावे, १.२७ आवृत्तीपासून ही सोय स्थिर झाली आहे. कंटेनरच्या आतील टाइमझोन बदलल्याने वेळापत्रकावर काहीही परिणाम होत नाही.

१२. आवृत्ती बदलणे किती वेळा आवश्यक आहे? ऐन गळीत हंगामात ते करायचे नसेल तर काय करावे?

कुबरनेटीसच्या वर्षाला साधारण तीन आवृत्त्या येतात आणि प्रत्येकीला सुमारे १४ महिने आधार मिळतो. ईकेएसमध्ये आवृत्ती तेथे उपलब्ध झाल्यापासून १४ महिने नेहमीचा आधार आणि त्यानंतर १२ महिने वाढीव आधार असतो. वाढीव काळात शुल्क ताशी ०.१० वरून ०.६० डॉलर होते, म्हणजे महिन्याला ७३ ऐवजी ४३८ डॉलर. तोही काळ उलटला की कंट्रोल प्लेनची आवृत्ती कंपनी स्वतः बदलते. जीकेईमध्ये ती मुळातच आपोआप बदलत राहते. तुम्ही फक्त त्यासाठीची वेळ आणि मर्यादित काळाची मनाई ठरवू शकता.

कारखाना ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन साधारण मार्चपर्यंत अहोरात्र चालतो, त्यामुळे हंगामात 'रात्रीची निवांत वेळ' नावाचे काही नसते. म्हणून आवृत्तीचे काम जूनमध्ये करावे. त्या वेळी उपलब्ध असलेली सर्वांत नवी आवृत्ती घेतली तर ती फार तर चार-पाच महिने जुनी असते आणि तिचा नेहमीचा आधार पुढचा हंगाम संपेपर्यंत पुरतो. डिसेंबरात घाईने केलेला बदल किंवा वाढीव शुल्क, यांपैकी काहीच वाट्याला येत नाही.

कंट्रोल प्लेन एका वेळी एकच पायरी चढतो. दोन आवृत्त्या मागे असाल तर दोनदा हेच करावे लागते. प्रत्येक पायरीपूर्वी काढून टाकलेले एपीआय आपल्या फायलींत आहेत का ते तपासावे. आधी कंट्रोल प्लेन, मग नोड, हा क्रम पाळावा. नोड कंट्रोल प्लेनपेक्षा तीन आवृत्त्यांपर्यंत मागे राहू शकतात, पुढे कधीच नाही. आपल्या संगणकावरील क्यूबसीटीएल क्लस्टरच्या एका आवृत्तीच्या आतबाहेर असावे. ईकेएसमध्ये वर चढलेला कंट्रोल प्लेन पुन्हा खाली आणता येईल या भरवशावर काम सुरू करू नये. चाचणीच्या क्लस्टरवर सर्व पायऱ्या आधी करून पाहाव्यात.

१३. आवृत्ती बदलताना एक नोड रिकामाच होत नाही आणि सर्व काम थांबते. काय चुकते?

पॉड डिसरप्शन बजेट, म्हणजे एका वेळी किती प्रती बंद करता येतील याची मर्यादा, तपासावे. सेवेची एकच प्रत असताना 'किमान एक चालू हवी' असे बजेट लिहिले, तर तो पॉड हलवण्याची परवानगी कधीच मिळत नाही. प्रती दोन कराव्यात, किंवा एकच प्रत पुरेशी असेल तर बजेट काढून टाकावे.

१४. हंगाम संपल्यावर क्लस्टर बंद ठेवता येतो का?

एकेएसमध्ये क्लस्टर थांबवण्याची सोय आहे आणि थांबवलेल्या क्लस्टरची स्थिती १२ महिन्यांपर्यंत राखली जाते. ईकेएस आणि जीकेईमध्ये नोडची संख्या शून्यावर आणता येते, मात्र कंट्रोल प्लेनचे शुल्क चालूच राहते. तिन्हीकडे डिस्क आणि राखून ठेवलेल्या आयपी पत्त्यांचे पैसे लागत राहतात. बंद काळातही आवृत्ती जुनी होत असते, त्यामुळे जूनमधील काम (प्रश्न १२) टळत नाही. संपूर्ण क्लस्टरची रचना टेराफॉर्मसारख्या साधनात लिहिलेली असेल आणि डेटा बाहेर असेल, तर एप्रिलमध्ये क्लस्टर काढून सप्टेंबरात नवा उभारणे हाच सर्वांत स्वच्छ मार्ग आहे.

१५. ऑफिसचे ब्रॉडबँड पुन्हा सुरू झाल्यापासून क्यूबसीटीएल क्लस्टरपर्यंत पोहोचतच नाही. ॲप्लिकेशन मात्र चालू आहे.

एपीआय सर्व्हरवर फक्त ऑफिसच्या आयपीला परवानगी दिलेली असावी आणि तो आयपी बदललेला असावा. ही मर्यादा घालणे योग्यच आहे, कारण ईकेएसमध्ये हा पत्ता सुरुवातीला साऱ्या जगाला खुला असतो. परंतु त्यासाठी इंटरनेट देणाऱ्याकडून स्थिर आयपी घ्यावा लागतो. सध्याची अडचण क्लाउडच्या कन्सोलमधून सुटते. परवानगीची यादी तेथून बदलता येते, कारण कन्सोल या मर्यादेत येत नाही.

१६. ज्याने क्लस्टर तयार केला तो सहकारी नोकरी सोडून गेला. आता कोणालाच प्रवेश मिळत नाही.

ईकेएसमध्ये क्लस्टर तयार करणाऱ्या ओळखीला मूळचा प्रशासक अधिकार मिळतो आणि इतरांना तो वेगळा द्यावा लागतो. क्लाउड खात्याचा प्रशासक अजून तुमच्याकडे असेल आणि क्लस्टरवर ॲक्सेस एंट्रीची पद्धत चालू असेल, किंवा ती चालू करून घेतली, तर नव्या व्यक्तीला बाहेरूनच अधिकार देता येतो. यापुढे क्लस्टर कोणाच्याही वैयक्तिक नावाने तयार न करता सामाईक रोलने करावा.

अशा वेळी सर्व सिक्रेट, म्हणजे क्लस्टरमध्ये साठवलेले पासवर्ड व किल्ल्या, हेही बदलावेत. कुबरनेटीसचे सिक्रेट केवळ बेस६४ मध्ये लिहिलेले असते. ज्याला ते वाचण्याचा अधिकार होता, त्याला त्यातील पासवर्ड क्षणात उलगडता येतो.

१७. काल रात्री काय झाले ते शोधायचे आहे, पण घटना दिसत नाहीत. लॉग किती दिवस ठेवावेत?

क्लस्टरमधील घटना सामान्यतः एका तासानंतर पुसल्या जातात. ईकेएसमध्ये कंट्रोल प्लेनचे लॉग मुळात बंद असतात आणि एकेएसमध्येही ते वेगळे चालू करावे लागतात. जीकेई प्रशासकीय कृतींचे ऑडिट लॉग ४०० दिवस आपोआप ठेवते. पॉड नष्ट झाला की नोडवरील त्याचे लॉगही जातात, म्हणून ते बाहेर साठवणारा एजंट पहिल्याच दिवशी बसवावा.

मुदतीबाबत सर्ट-इनने (सायबर सुरक्षेसाठीची केंद्र सरकारची यंत्रणा) २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेले निर्देश कंपन्यांनाही लागू आहेत. त्यांनुसार प्रणालींचे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. सर्व लॉग महागड्या शोधयंत्रणेत ठेवण्याची गरज नाही. काही दिवसांनंतरचे स्वस्त ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये हलवावेत.

१८. क्लस्टर काढून टाकला, तरीही बिल येतच आहे. का?

लोड बॅलन्सर आणि डिस्क क्लस्टरच्या आतून मागितलेल्या असल्या तरी त्या क्लाउडमधील स्वतंत्र वस्तू आहेत. त्या काढण्याचे काम क्लस्टरमधील कंट्रोलर करतात आणि क्लस्टरच आधी गेला तर ते काम करणारे कोणी उरत नाही. म्हणून प्रथम लोड बॅलन्सर प्रकारच्या सेवा व इन्ग्रेस काढावेत, मग डिस्कवरील दावे (पॉडने केलेली डिस्कची मागणी), त्यानंतर नोड आणि शेवटी क्लस्टर. ज्या डिस्कचे धोरण 'रिटेन' आहे त्या यानंतरही राहतात, आणि तसे असण्यामागे कोणाचा तरी हेतू असू शकतो, तेव्हा विचारल्याशिवाय पुसू नयेत. क्लस्टर आधीच गेला असेल तर कन्सोलमध्ये त्याच्या नावाचे टॅग शोधून न जोडलेल्या डिस्क, लोड बॅलन्सर, नॅट गेटवे, राखीव आयपी आणि स्नॅपशॉट हाताने काढावेत. क्लस्टर ज्या विभागात होता तोच विभाग कन्सोलमध्ये निवडलेला आहे याची खात्री करावी, नाहीतर यादी रिकामी दिसते.